बर्फावरची पहिली पतंग

गेल्या दोन महिन्यांत तीन मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघेही आयटीतले, तिघेही ऑनसाईट, आणि तिघांच्याही नशिबी वर्षातले चार-पाच महिने बर्फ. एक इथेच ओस्लोत, एक स्वीडनमध्ये, एक तिकडे मिनियापोलिसला. प्रश्न असा: "पायात स्की घालून पतंगीच्या ओढीने जातात ना, ती पहिली पतंग कुठली घ्यायची?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून घसा बसला, म्हणून या शनिवारी चहाचा कप घेऊन लिहायलाच बसलो.

आधी एक व्याकरणाची गोष्ट. पुण्या-मुंबईत पतंग 'तो' असतो. आमच्या यवतमाळात 'ती' असते. इथे ती 'ती'च राहील. :-)

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्नोकायटिंग म्हणजे कमरेला हार्नेस, हार्नेसला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला आठ-दहा चौरस मीटरची पतंग, आणि पायात स्की. वारा पतंग ओढतो, पतंग आपल्याला ओढते. सपाटीवर तर जाताच, चढावरसुद्धा जाता. लिफ्ट नको, डिझेल नको. बोर्गे औसलान हा नॉर्वेजियन माणूस १९९६-९७ मध्ये ६४ दिवसांत एकट्याने अंटार्क्टिका आरपार गेला, तोही बर्फावरची घसरगाडी ओढत आणि वारा मिळेल तिथे पाल लावून. त्याच्याही आधी, १८२६ साली, जॉर्ज पोकॉक नावाच्या ब्रिस्टलच्या शाळामास्तरांनी पतंगीने ओढायच्या बग्गीचं पेटंट घेतलं होतं. टोलनाक्यावर घोड्याचे दर लिहिलेले, पतंगीचे नाहीत, म्हणून त्यांची बग्गी फुकट सुटायची असं सांगतात. (टोल चुकवण्याची परंपरा किती जुनी आहे बघा.)

आता मूळ मुद्दा. हे समजायला आयआयटी लागत नाही, तिळसंक्रांतीला गच्चीवर काढलेली दुपार पुरते. पतंगीला कन्नी बांधायची असते. वरचा दोरा किती, खालचा किती, यावर पतंग वाऱ्याला किती तिरकी उभी राहणार ते ठरतं. वारा जास्त असेल तर वरचा दोरा किंचित आखूड ठेवायचा. पतंग वाऱ्यावर आडवी होते, हाताला ओढ कमी लागते. हे आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या पोरालाही ठाऊक असायचं. गोम एवढीच की एकदा बांधलेली कन्नी बदलायची तर पतंग खाली उतरवावी लागते.

डीपॉवर पतंग म्हणजे उडत्या पतंगीची कन्नी हातातून बदलायची सोय. बस्स. पुढच्या दोऱ्या मुख्य भार घेऊन थेट हार्नेसच्या हुकात येतात. हुकात अडकवायच्या त्या कडीला 'चिकन लूप' म्हणतात. (आमच्यातल्या शाकाहारी मंडळींनी घाबरू नये.) मागच्या दोऱ्या येतात हातातल्या बारच्या दोन टोकांना. बार आपल्याकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणतात, पतंग वाऱ्याला जास्त तिरकी होते, ताकद वाढते. बार पुढे सोडला की त्या सैल होतात, पतंग आडवी होते, ताकद उतरते. म्हणजे गियर न बदलता क्लच दाबल्यासारखं.

याची गरज काय? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ५ मीटरचा वारा १० मीटर झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. यवतमाळच्या गच्चीवर चौपट म्हणजे जास्तीत जास्त मांजा तुटून "ओ काट!" आणि पोरांची पळापळ. इथे चौपट म्हणजे तुम्ही स्वतः. जुन्या पद्धतीच्या, कन्नी पक्की असलेल्या पतंगीत हा झटका सरळ कमरेला येतो. डीपॉवरमध्ये तो बार सोडून बराचसा गिळता येतो. म्हणून स्कीवर पहिली पतंग डीपॉवरच, यावर माझ्या मते चर्चा नको.

चर्चा आहे ती पुढे. बाजारात साधारण चार जाती दिसतात.

पहिली, हवा भरायच्या नळीची. ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ साली हिचं पेटंट घेतलं. समुद्रावर हीच राणी, कारण पाण्यात पडली तरी तरंगते. बर्फावरही चालते, पण पंप पाठीवर न्यायचा आणि गोठलेल्या बोटांनी हवा भरत बसायचं. तुमच्याकडे समुद्रावरची आधीच असेल तर वापरा, फक्त बर्फासाठी नवी घेऊ नका.

दुसरी, उघड्या कप्प्यांची. कामशेतला पॅराग्लायडिंग पाहिलं असेल तर ओळख पटेल: वर-खाली कापड, मध्ये कप्पे, पुढे तोंडं उघडी, वारा आत शिरला की पंख तयार. मूळ कल्पना डोमिना जालबर्ट यांची, पेटंट १९६६ चं. ही बॅगेतून काढली की उडते, खाली आणली की लवकर रिकामी होते, घडी करून सॅकमध्ये जाते. बर्फावर शिकणाऱ्यासाठी मला हीच पटते. ओझोनची ॲक्सेस ही यातली ओळखीची जात.

तिसरी, बंद कप्प्यांची. आत झडपा, म्हणून हवा धरून ठेवते. वेगवान, देखणी, पाण्यावरही चालते. पण आवरायला वेळ लागतो, आणि वारा अचानक वाढला की 'लवकर आवरणे' हाच सगळ्यात महत्त्वाचा गुण असतो.

चौथी, एकपदरी कापडाची, जशी फ्लायसर्फरची पीक. वजनाला नगण्य, हलक्या वाऱ्यात छान, डोंगरात लांब फिरणाऱ्यांची लाडकी. ताकद उतरवली की फडफडते. दुसरी पतंग म्हणून उत्तम.

आकाराचं गणित वजनावर आणि वाऱ्यावर. पंचाहत्तर किलोच्या आसपासच्या शिकाऊ माणसाला, सेकंदाला ५ ते ८ मीटर वाऱ्यात, आठ-नऊ चौरस मीटर पुरते. बर्फावर घर्षण कमी, म्हणून समुद्रापेक्षा लहान पतंग चालते. खोल भुसभुशीत बर्फ असेल तर थोडी जास्त ताकद लागते, कडक असेल तर कमी. दोन आकारांत अडलात तर लहान घ्या. लहान पतंगीचा तोटा एवढाच की एखादा दिवस नुसतं उभं राहावं लागतं. मोठीचा तोटा वेगळा असतो.

आता माझी गोष्ट. इथली माझी ही दुसरी हिवाळी पाळी. पहिल्या वर्षी स्की शिकलो (म्हणजे पडायला शिकलो). या जानेवारीत बर्गनच्या रेल्वेने हाउगास्तोलला जाऊन तीन दिवसांचा कोर्स केला. हार्डांगरव्हिद्दाचं पठार तिथून सुरू होतं. नजर जाईल तिथवर पांढरं, झाड नाही, तार नाही. पुढचं फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर, तिथेच १९७९ साली 'द एम्पायर स्ट्राईक्स बॅक'चा बर्फाळ ग्रह चित्रित केला. आमच्या वणी-पांढरकवड्याकडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला तो दुसरा ग्रहच वाटतो.

कोर्सनंतर माझ्यासमोर तीन पर्याय आले. एक, ऑफिसमधल्या सहकाऱ्याची बारा मीटरची बंद कप्प्यांची पतंग, जवळजवळ फुकट. दोन, नऊ मीटरची नळीवाली, स्वस्त, पण बार जुना. तीन, आठ मीटरची उघड्या कप्प्यांची, वापरलेली, बार मात्र नवा, किंमत ७५०० क्रोनर. म्हणजे साधारण साठ हजार रुपये. घराचा हप्ता चालू, गावाकडे यंदा विहिरीचं काम काढलेलं. साठ हजारांत तिकडे काय काय होतं ते मला पाठ आहे. एक्सेल शीट केली. रकाने चौदा. (हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.) शीट बारा मीटरकडे झुकत होती, कारण 'किंमत' या रकान्याला मीच सगळ्यात जास्त वजन दिलं होतं.

त्या रविवारी घरी फोन केला. आमचे बाबा कोरडवाहू शेती करतात, कापूस आणि तूर. आईने आधी तिच्या पद्धतीने सुरुवात केली: "काऊन रे, पतंग उडवाले तिकडे गेला काय? डोकं-गिकं फोडून घेशीन." मग फोन बाबांकडे गेला. मी त्यांना तिन्ही पतंगी समजावल्या. आकार, कप्पे, किंमत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"अन् सोडता येते काय रे तिले?"

मी म्हटलं, येते, प्रत्येकीला सोडायची सोय असते. तर म्हणाले, "सगळ्याइले सारखी सोडता येते काय?"

चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता. आणि खरं सांगायचं तर पहिली पतंग निवडताना हा एकच रकाना पुरेसा आहे.

सोडण्याचे तीन टप्पे असतात. पहिला, नुसता बार सोडायचा, ताकद उतरते. दुसरा, चिकन लूपवरचा क्विक रिलीज ढकलायचा. मग भार एका सुरक्षा-दोरीवर जातो आणि पतंग लुळी पडते, पण तुमच्याशी जोडलेली राहते. तिसरा, तीही दोरी सोडून पतंगीला रामराम. या रिलीजसाठी २०२० पासून आयएसओ २१८५३ हे प्रमाण आहे. त्याआधीचे सगळे बार वाईट असं नाही, पण जुना बार घेताना तो भाराखाली सुटतो का, हे हातमोजे घालून करून बघा. जाड हातमोजे. उणे पंधरात बोटं कशी वागतात ते घरातल्या सोफ्यावर कळत नाही.

आणि खरी अडचण यंत्राची नसून आपली आहे. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरून जवळ ओढतो. सायकलवर ब्रेक दाबतो तसं. इथे बार जवळ ओढणं म्हणजे ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर! आम्ही पतंगबाज तर याबाबतीत आणखी वाया गेलेले. लहानपणापासून शिकलोय की दोर सुटला म्हणजे हरलो, चक्री रिकामी झाली तरी चालेल पण हात सोडायचा नाही. कोर्समध्ये आमच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी पतंग उडवू दिलीच नाही. नुसतं हुक लावा, ताण द्या, सोडा. पुन्हा जोडा, पुन्हा सोडा. वीसेक वेळा तरी. तेव्हा कंटाळा आला होता. आता वाटतं, सगळ्या फीचे पैसे त्या वीस वेळांचेच होते.

बाबांना हे कुठून कळलं असेल? मला वाटतं, शेतीतून. सगळ्या वावरात नुसता कापूस न लावता मध्ये तुरीच्या ओळी टाकणारा माणूस आधी हेच बघतो, की पाऊस दगा देईल तेव्हा काय उरेल. पीक किती येईल हा प्रश्न त्याच्यासाठी दुसरा. आमच्या जिल्ह्यात ज्यांना कर्जातून हात सोडवता आला नाही, त्यांची घरं आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

दोऱ्याबद्दलही तिकडे आता सगळे जपून आहेत. नायलॉन मांजाने गळे कापले गेले, पक्षी गेले. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला बातमी येतेच. इथल्या दोऱ्यांना काच नसते, पण माणसाच्या वजनाचा ताण असतो. ताणलेल्या दोरीच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

मी आठ मीटरची घेतली. घेताना चारही दोऱ्या एका खांबाला बांधून लांबी जुळते का पाहिली. (पुढच्या दोऱ्या भाराने जास्त ताणतात, मग पतंग मागे कलते.) कापड उजेडात धरून शिवणी तपासल्या. आतापर्यंत सहा दिवस झाले. दोन दिवस वारा कमी म्हणून नुसता बर्फात उभा होतो, आणि बारा मीटरवाले माझ्यासमोरून आरामात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी 'यर'वर दाखवलेल्या झोतांपेक्षा मोठा झोत आला. बार सोडला, ओढ थांबली नाही, क्विक रिलीज ढकलला. पतंग बर्फावर पडली, मी स्कीवर उभा. डबा काढून तिळाची वडी खाल्ली आणि दोऱ्या गुंडाळायला लागलो.

तर मित्रहो, तुमच्या तिघांचं उत्तर: उघड्या कप्प्यांची, आठ किंवा नऊ मीटर, नवा बार, आणि आधी कोर्स. पैसे कमी असतील तर पतंग जुनी घ्या, बार जुना घेऊ नका. दुकानात गेल्यावर "किती ओढते?" हे तिसऱ्या नंबरला विचारा. पहिल्या दोन नंबरला बाबांचे प्रश्न ठेवा.