पिवळ्या कासवाचे डोळे

मैसूरहून नंजनगूडकडे जाताना कडकोळ लागते. नोकरीच्या निमित्ताने मी येथे राहतो. गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या भाच्याने एका रात्री फोनवर छायाचित्र पाठवले : तळहातावर मावेल एवढे, हळकुंडासारखे पिवळे कासव. खाली प्रश्न : ‘मामा, अल्बिनो स्लायडर आहे म्हणतात. घेऊ का? अर्धे पैसे दिलेत.’

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने पैसे आधी द्यावेत आणि प्रश्न मागाहून विचारावा, याचे हसू आले. पण हसण्याचा अधिकार मला नव्हता.

कासवाच्या अंगावर रंगांचे थर असतात. काळातपकिरी रंग मेलॅनिनचा. पिवळातांबडा कॅरोटिनॉइड आणि टेरिडिन या वेगळ्या द्रव्यांचा. मेलॅनिन घडवणारी यंत्रणा जन्मतः बिघडली, की एरवी झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. अल्बिनो ससा पांढरा आणि अल्बिनो कासव पिवळे, ते यामुळे. मात्र नुसत्या पिवळेपणावरून निदान करू नये, डोळे पाहावेत. अल्बिनो प्राण्याच्या डोळ्यांतही मेलॅनिन नसल्याने रक्तवाहिन्यांची गुलाबी झाक दिसते. ल्युसिझममध्ये अंग फिके पडले तरी डोळे गडदच राहतात. जुलै 2020 मध्ये ओडिशाच्या बालासोर जिल्ह्यात, सुजनपूर गावी सापडलेल्या पिवळ्या कासवाचे डोळे गुलाबी होते. त्याच वर्षी नेपाळमध्ये धनुषा जिल्ह्यात सापडलेल्या सोनेरी कासवाचे निदान ल्युसिझम असे झाले.

मी छायाचित्र मोठे केले. डोळे गुलाबी होते, अल्बिनो खरेच. पण स्लायडरची पाठ कठीण असते आणि रंग गेला तरी तिच्यावरील खवल्यांच्या रेषा जात नाहीत. येथे पाठ गुळगुळीत, कातडी मढवल्यासारखी; नाक नळीसारखे पुढे आलेले. पोटाकडचे छायाचित्र मागवले. मागच्या पायांजवळ दोन झडपा. म्हणजे आपल्याच तळ्याओढ्यांतले फ्लॅपशेल. सुजनपूरचेही तेच. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीतला जीव; तो विकणेही गुन्हा आणि विकत घेणेही.

फोनवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझे पैसे?”

“बुडाले असे समज.”

सकाळी त्याने छायाचित्रे आणि विक्रेत्याचा क्रमांक वनविभागाला दिला. माणसे पोचेपर्यंत टाकी रिकामी झालेली होती. रात्रीच कळवले असते तर, हा प्रश्न त्याने मला अद्याप विचारलेला नाही. मी स्वतःला विचारला आहे.

आता माझ्या अधिकाराविषयी. अकरा वर्षांपूर्वी मीही एक ‘दुर्मीळ सोनेरी’ पिल्लू घेतले होते. दोन आठवड्यांत सोने नखाने खरवडून निघू लागले. खाली साधा हिरवा, डोळ्यामागे लाल पट्टा असलेला स्लायडर. पुढे तो नर निघाला आणि आता काळवंडत चालला आहे. या जातीच्या नरांत वयाबरोबर मेलॅनिन वाढते. जो रंग पाहून विकत घेतले तो रंगाऱ्याचा होता. जो आला तो त्याचा स्वतःचा. कपिला नदी जवळच आहे. ‘सोडून द्या तिच्यात’, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मूळ अमेरिकेतली ही जात इथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते, हे प्रत्येकाला नव्याने सांगावे लागते. तो आणखी वीस वर्षे सहज जगेल. मी तेव्हा सत्तरीत असेन.

दिवाळीत भाचा आला होता. त्याने टाकीचे पाणी बदलले आणि पट्टीने त्याच्या पुढच्या पायांची लांब नखे मोजली.