आगोटीची बेगमी

आम्ही खाडीकाठची माणसे. आगोटीआधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी घरात आल्याशिवाय सासूबाईंना झोप नसे. २००५ साली त्या आजारी होत्या अन् मी बेगमीकडे काणाडोळा केला. जुलैच्या पुरात वाटा बंद झाल्या. आठ दिवस पोरे नाचणीच्या पेजेवर राहिली.

गेल्या वर्षी मुलाकडे लक्षद्वीपला, कवरत्तीला गेले. तिथे माड उदंड, मासळी उदंड, पण भाताचे खाचर औषधालासुद्धा नाही. तांदूळ यायचा समुद्रावरून; कोची चारशे किलोमीटर लांब! पावसाळ्यात लहान गलबते बंद, म्हणून सरकार आधीच गोदामे भरून ठेवते. माणशी महिना ५ किलो रेशन धरले, तर सहा माणसांना चार महिन्यांचे १२० किलो. एवढ्यात भागते का हो?

मुलाकरवी शेजारणीला विचारले. ती हसली. माडाच्या गुळाची बरणी दाखवली, अन् उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा मासा. लाकडासारखा टणक! त्याला ‘मास’ म्हणतात. जहाज लांबले तर हाच आधार, म्हणाली.

दोन तुकडे पदरात बांधून आणले. यंदा वैशाखात कणगी मीच लिंपली.