ठणठणगोपाळांचा खजिना

समुद्र फुकट असतो. महाल हवा तर उभारावा लागतो, बाजार हवा तर माणसं जमवावी लागतात आणि दुपारी त्यांना जेवू घालावं लागतं. समुद्र मात्र न बोलावता कॅमेऱ्यापुढे येऊन उभा राहतो. घटकेघटकेला त्याचा नूर वेगळा, आणि संध्याकाळी मजुरी मागायला तो दारात येत नाही. त्यातून गोष्ट बुडालेल्या खजिन्याची असली तर आणखीच सोय. खजिना दिसायची गरज नाही. तो पाण्याखाली आहे, एवढं कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की पुरे. फार तर शेवटी एक पेटी दाखवावी लागते, तीही बंद. पेटी बंद आहे तोवर आत सोनंच असतं.

हा हिशेब रॉजर कॉर्मनला पाठ होता. स्टॅनफर्डमधून औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन हा माणूस सिनेमात आला आणि कोंड्याचा मांडा करण्यात त्यानं हयात घालवली. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' या १९६०च्या चित्रपटाचं मुख्य चित्रीकरण त्यानं दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातच त्यानं बढाई मारली आहे, की हॉलिवूडमध्ये शंभर सिनेमे काढले आणि एक दमडी बुडू दिली नाही.

करात सवलत मिळते म्हणून कॉर्मन आपलं बिऱ्हाड घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर गेला. 'लास्ट वुमन ऑन अर्थ' हा चित्रपट तिथे करायचा होता, पण रॉबर्ट टाउन या तरुण लेखकाची पटकथा पुरी झाली नव्हती. लेखकाला सोबत नेणं भाग होतं. मग त्याच्या तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून त्यालाच नट केलं आणि श्रेयनामावलीत एडवर्ड वेन असं नाव देऊन टाकलं. एवढं झाल्यावर बेट हाताशी, नट हाताशी, समुद्र तर होताच. मग परत कशाला जायचं? कॉर्मननं चार्ल्स ग्रिफिथ या आपल्या हुकमी पटकथाकाराला गाठलं आणि आणखी एक गोष्ट मागवली. ग्रिफिथनं जुनंच पीठ पुन्हा तिंबलं. चोर, लूट, निसटण्याचा बेत आणि बेताचा बोजवारा, हेच कथानक 'नेकेड पॅरडाइज'मध्ये हवाईच्या उन्हात येऊन गेलं होतं आणि 'बीस्ट फ्रॉम हॉन्टेड केव्ह'मध्ये साउथ डकोटाच्या बर्फात. आता ते पाण्यात उतरलं. नाव पडलं 'क्रीचर फ्रॉम द हॉन्टेड सी'. साल १९६१.

क्युबात क्रांती झाली आहे. जुन्या राजवटीचा एक जनरल सोन्याची पेटी आणि निष्ठावंत शिपाई घेऊन पळतो आहे. बोट भाड्यानं देतो रेन्झो कॅपेटो नावाचा अमेरिकी गुंड. जनरलला त्या सोन्यावर पुन्हा सत्ता विकत घ्यायची आहे, कॅपेटोला नुसतं सोनं हवं आहे. तो एक हिकमत काढतो. समुद्रात राक्षस असल्याची आवई उठवायची, एकेका शिपायाला बागकामाच्या नखाळ्या अवजारांनी मारायचं आणि डेकवर राक्षसाची पावलं उमटवायची. ती पावलं कशाची? संडास तुंबला की वापरतात त्या रबरी पंपाची, ऑलिव्हच्या तेलात हिरवी शाई कालवून उठवलेली. पण त्या पाण्यात खरोखरच राक्षस निघतो आणि तो कॅपेटोचा बेत, हप्त्याहप्त्यानं, स्वतःच पार पाडू लागतो. माणसं ज्या क्रमानं मरायला हवीत तो क्रम चुकतो. शेवटी कॅपेटो आपलीच बोट तीस फूट पाण्यात बुडवतो. गडबड निवली की पेटी काढू, हा हिशेब. मग सगळेच बुड्या मारू लागतात, एकमेकांवर डोळा ठेवून, आणि खाली तो वाट पाहत असतो.

त्या राक्षसाकडे जरा जवळून पाहावं. पाणबुड्याचा रबरी पोशाख, त्यावर शेवाळ आणि भांडी घासायच्या तारेच्या घासण्या. डोळे म्हणजे टेनिसचे चेंडू आणि बुबुळं पिंगपाँगची. पाइप साफ करायच्या केसाळ तारा वाकवून नखं केली आहेत. अंग बुळबुळीत दिसावं म्हणून वरून काळं मेणकापड. हे ध्यान पाण्यातून वर येतं तेव्हा भीती वाटत नाही, माया वाटते. चेंडूच्या डोळ्यांना पापणी नसते, त्यामुळे ते सतत थक्क झालेले दिसतात, जणू आपल्यालाच कामावर घेतलं याचं त्यांना नवल वाटतं आहे.

शेवटच्या दृश्यात हा प्राणी समुद्राच्या तळाशी पेटीवर बसून दात कोरतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाला इथे पटकन ओळख पटते. पुरलेल्या धनावर नाग असतो, हे आपल्याकडे आजीनं सांगितलेलं असतं. तो नाग म्हणजे त्या धनाचा जुना मालक, जीव हंड्यात अडकला म्हणून वेटोळं घालून बसलेला. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून हंडा शोधायचा, तर खाली हा फणा काढून तयार. नागाला मोहरांचा उपयोग काय, असं लहानपणी विचारलं की मोठी माणसं गप्प बसवत. उत्तर खरं सोपं होतं. ज्याला उपयोग नाही, तोच उत्तम राखण करतो. चेंडूच्या डोळ्यांचा राखणदार त्याच कुळातला.

या चित्रपटाचं मला कौतुक वाटतं ते त्यातल्या अशा उलटापालटीमुळे. पडद्यावर सोन्याची पेटी आहे आणि तिच्यापायी कुणाचा कुणावर भरवसा नाही. पडद्यामागे पेटी नाही, म्हणून लेखक नट होतो आणि नट मिळेल ते काम उचलतो. लोभाला वाटेकरी खपत नाही, गरिबीचं वाटेकऱ्यांवाचून चालत नाही. यात कॉर्मनला संत ठरवायचं कारण नाही. मोबदला तो हात राखूनच देई, आणि फ्रेड काट्झचं जे संगीत 'अ बकेट ऑफ ब्लड'मध्ये वाजून गेलं तेच इथेही वाजतं. चित्रपटही धड म्हणावा असा नाही. अर्धे विनोद फुसके निघतात, आणि मायदेश गमावून पळणाऱ्या माणसांची केलेली टवाळी आज खटकते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निर्वासित क्युबन खरोखरच शस्त्रं घेऊन बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले आणि हरले, हे आठवलं की हसू अर्ध्यावर अडतं.

तरीही त्या फाटक्या तंबूतून माणसं पुढे गेली. या चित्रपटात बावळट हेराचं काम करणाऱ्या टाउननं पुढे 'चायनाटाउन' लिहिला. तिथे लॉस एंजेलिसचं पाणी हडपणाऱ्या धनवंतांची गोष्ट आहे, आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. मॉन्टी हेलमननं दूरदर्शनला विकण्यासाठी या चित्रपटाला आखूड सदऱ्याला लावावी तशी झालर लावली, काही प्रसंग मागाहून जोडून लांबी वाढवली. पुढे तोही नावाजलेला दिग्दर्शक झाला. कॉर्मनला २००९ साली मानद ऑस्कर दिलं गेलं. २०२४च्या मे महिन्यात तो गेला, आणि जुलै लागताच टाउनही.

अमेरिकेत हा चित्रपट आज सार्वजनिक मालकीचा आहे. कुणीही दाखवावा, कापावा, आपल्या कामात वापरावा. जनरलचं सोनं एकाच्याच हाती राहावं म्हणून बोटीवरची जवळजवळ सगळी माणसं मेली; सिनेमा मात्र कितीही वाटला तरी सरत नाही. फार तर प्रिंट झिजते. मग तिच्यावरच्या उभ्या ओरखड्यांमुळे भर उन्हातल्या त्या समुद्रावर पाऊस पडल्यासारखा दिसतो, आणि हा पाऊस कॉर्मनला नक्की आवडला असता, कारण त्याचं बिल येत नाही.