महिरप आणि मळसूत्र

वस्तू घेण्यापूर्वी तिची पारख करावी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती कशी करावी हे सांगणारा विरळा. त्यात आम्ही पडलो वकील. सुबक छापलेल्या विधानाविषयी संशय घेणे हा आमचा धंदाच. त्यामुळे हौशी मंडळींसाठी निघालेल्या एका छोट्या सीएनसी राउटरच्या संचाचे माहितीपत्रक चिरंजिवांनी आमच्यापुढे ठेवले, तेव्हा वादपत्र वाचावे तसेच आम्ही ते वाचू लागलो.

निमित्त देवघराचे होते. आमच्या बागलीच्या घरातील सागवानी देवघर आजोबांच्या वेळचे. त्याची महिरप वाळवीने पोखरली. विंध्याच्या कुशीतल्या या गावाला सागवानाचे नवल नाही. नवल झाले आहे ते त्यावर वेल कोरणाऱ्या हाताचे. म्हाताऱ्या मिस्त्रींचा हात आता कापतो, आणि त्यांचा मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात मोठी सीएनसी यंत्रे चालवतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हात थकला तर यंत्र आणू."

आकड्यांच्या आज्ञेने चालणारे कापयंत्र १९५२ साली अमेरिकेत एमआयटी संस्थेत प्रथम दाखविले गेले. तेव्हा त्याच्या नियंत्रणाचा संसारच केवढा तरी मोठा होता. आज तेच तत्त्व खोक्यात बसून टपालाने येते आणि मेजावर जोडता येते. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते, "अचूकता ०.०२ मिलिमीटर." आम्ही हिशेब मांडला. स्टेपर मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या. तेवढ्यात मळसूत्र ४ मिलिमीटर सरकविते. म्हणजे एका पायरीस ०.०२ मिलिमीटर. विधान खोटे नव्हते. पण पाऊल किती बारीक टाकता येते हे एक, आणि ते नेमके जागी पडले की नाही हे दुसरे.

सुटीवर आलेल्या मिस्त्रींच्या मुलाने हा भेद उलगडून सांगितला. "काकासाहेब, साग कठीण. दाब आला की हलका सांगाडा लवणार. दिशा बदलताना मळसूत्रातला ढिलेपणा उघडा पडणार. आणि अशा स्वस्त यंत्रातली मोटर अडखळून चार पायऱ्या चुकली, तरी तिला ते कळत नाही. ती पुढचे काम तसेच रेटते." असे साक्षीदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्याने कसोटीही सांगितली: सागाच्या फळीवर १०० मिलिमीटरचा चौरस आणि तेवढ्याच व्यासाचे वर्तुळ कापून घ्यावे. चौरसाचे दोन्ही कर्ण १४१.४ भरले तर सांधे काटकोनात. वर्तुळ चार ठिकाणी चपटे आले तर मळसूत्र ढिले.

कायद्याचेही एक कलम आम्हांस आठवले. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम मुळात ग्राहकालाच सावध राहावयास सांगते; पण वस्तू कोणत्या कामासाठी हवी हे त्याने विक्रेत्यास कळविले आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला, तर वस्तू त्या कामास योग्य असावी अशी अट बहुधा गृहीत धरली जाते. आमच्या मनात काय आहे हे विक्रेत्याला कसे कळावे? म्हणून आम्ही पत्र लिहावयास घेतले: लाकूड साग, नक्षीची खोली ८ मिलिमीटर, महिरपीची रुंदी ५०८. येथेच लेखणी अडली. यंत्राचा पट ३०० बाय १८० मिलिमीटरचा! दावा प्रवेशापाशीच फेटाळला गेला, असे आम्ही जाहीर केले. चिरंजीव हिरमुसले.

सायंकाळी मिस्त्री आले. त्यांनी जुनी महिरप उजेडात धरली आणि शेंड्यावरच्या कमळाखालून नख फिरविले. तेथे सांधा होता. महिरप पहिल्यापासूनच दोन तुकड्यांची होती. चाळीस वर्षे तिच्यापुढे हात जोडूनही आम्हांस तो दिसला नव्हता. अर्धा तुकडा २५४ मिलिमीटर रुंद, १५२ उंच. तो पटात बसत होता.

मग मिस्त्रींनी विचारले, "हे यंत्र लाकडाची नस ओळखील का?" त्यांच्या मुलाने मान हलविली. नस पाहून फळी कशी ठेवावी, कोठे थर पातळ घ्यावा, हे माणसानेच आधी ठरवावयाचे. एका वेळी अर्धा मिलिमीटर म्हटले तरी सोळा थर. आणि शेवटचा हात पटाशीचाच.

"तर मग याला आधी पटाशी धरू दे," मिस्त्री चिरंजिवांकडे पाहून म्हणाले.

पत्र दुसऱ्या दिवशी गेले. सागावरचा चौरस आणि वर्तुळ यावे, आम्ही स्वतः मोजावे, मग पैसे द्यावेत, असे ठरले आहे. संच आलाच तर तो आमच्या दिवाणखान्यात नव्हे, मिस्त्रींच्या पडवीत मांडावयाचा. नमुना अजून आलेला नाही. चिरंजीव मात्र रोज संध्याकाळी पडवीत जातात, आणि परत येतात तेव्हा त्यांच्या कपड्यांना सागाचा वास येतो.