उधन्याहून रतनपोर : सिद्दी बांधवांच्या धमालीच्या गावी

मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या गाडीत बसले, की सुरतेच्या अलीकडे उधना हे स्थानक लागते. यंत्रमागांचा अखंड खडखडाट, कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आणि कामाच्या पाळीला धावणारी माणसे, असे या उपनगराचे रूप आहे. येथूनच ताप्तीच्या खोऱ्यातून नंदुरबार व जळगावकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. त्याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी येथे आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली. म्हणून उधन्याच्या बाजारात गुजरातीइतकीच अहिराणी व मराठी कानी पडते. श्रावणात येथे कानबाईचा उत्सवही थाटाने होतो. घर सोडून आलेला माणूस पेटीतून भांडीकुंडी आणतो, त्याचप्रमाणे मनातून आपली गाणी व आपले सणही आणतो.

परंतु ज्यांना पेटी घेऊ दिली नाही, निरोप घेऊ दिला नाही, किंबहुना ज्यांचे नावसुद्धा काढून घेण्यात आले, अशी माणसे परमुलुखात आली तर त्यांच्यापाशी काय उरते? या प्रश्नाचे उत्तर उधन्यापासून फार दूर नाही. ते शोधण्यासाठीच आम्ही हा प्रवास केला. वाचकहो, तुम्हीही आमच्यासंगे चला.

उधन्याच्या दक्षिणेस भेस्तान आणि त्यापुढे सचिन ही स्थानके आहेत. सचिन आज कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, तथापि १७९१ पासून १९४८ पर्यंत हे एक लहानसे संस्थान होते आणि त्याचे नवाब होते सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे. मुरूडच्या जंजिऱ्याचे सिद्दी आपणां कोकणवासीयांस ठाऊकच आहेत. त्याच घराण्यातील एका वारसाने जंजिऱ्यावरील हक्क सोडला आणि पेशव्यांशी झालेल्या करारानुसार त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. त्यापूर्वी मोगलांचे आरमार सांभाळणारे सिद्दी सरदार सुरतेच्या बंदरात दबदबा राखून होते. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, तेव्हा ती सत्ता संपली.

ज्यांना राज्य मिळाले असे सिद्दी थोडे होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. पुढे तो वजीर झाला आणि १६२६ साली मरण पावला. अहमदाबादेतील सिद्दी सैयदच्या मशिदीची दगडी जाळी सोळाव्या शतकातील असून आजही ती पाहणाऱ्याचे डोळे दिपविते. हे इतिहासात नोंदले गेले. परंतु पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब, गुजराती व पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जे हजारो स्त्री-पुरुष आणले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांची नोंद कोणी ठेवली नाही. कोणी शिपाई झाले, कोणी खलाशी, कोणी घरगडी. त्यांचे वंशज आज गुजरातेत सिद्दी म्हणून ओळखले जातात. ते गुजराती बोलतात, गुजराती जेवतात आणि बहुतांशी मुसलमान धर्म पाळतात. पूर्वजांची भाषा ते विसरले. परंतु तिचा ठेका विसरले नाहीत.

तो ठेका ऐकावयाचा असेल, तर भडोच जिल्ह्यातील रतनपोरला जावे. उधन्याहून उत्तरेकडे निघालेली गाडी सुरतेनंतर तापी ओलांडते, कीम व कोसंबा मागे टाकते आणि अंकलेश्वरला पोहोचते. तेथे उतरून राजपिपळ्याच्या वाटेला लागावे. नर्मदेच्या खोऱ्यातील केळी व उसाची शेते पाहत झगडिया गाठावे. त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर रतनपोर हे गाव आहे. गावाजवळ टेकड्या आहेत आणि त्यांच्या पोटात अकीक नावाचा दगड सापडतो. तो उन्हात वाळवितात व मंद आचेवर भाजतात. मग त्याच्यावर तांबूस झळाळी येते. पुढे खंबायतचे कारागीर त्याचे मणी घडवितात. अकीकाचा हा व्यापार फार प्राचीन आहे. ख्रिस्ताच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरातून असे दगड परदेशी जात असल्याचा उल्लेख आढळतो.

टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. सिदी मुबारक नोबी या नावानेही ते ओळखले जातात. सिद्दी लोकांची अशी श्रद्धा आहे, की हे सत्पुरुष हबसाणातून आले आणि अकीकाचा व्यापार त्यांनीच येथे भरभराटीस आणला. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिश्रा यांचीही स्थाने तेथेच आहेत. आख्यायिका सांगते, की या टेकडीवर एका राक्षसिणीचा अंमल होता आणि तिचा पाडाव भावांच्या हातून न होता बहिणीच्या हातून झाला. ही श्रद्धा आमची नव्हे. तथापि दर्ग्याच्या पायऱ्यांवर मुसलमानांबरोबर हिंदू, पारशी व भिल्ल स्त्री-पुरुषही आपापली दुःखे घेऊन येतात. दुःखी मनुष्याची चाल कोणत्याही तीर्थक्षेत्री सारखीच असते.

आता धमालीविषयी. आपण मराठीत धमाल म्हणजे मौजमजा समजतो. रतनपोरला धमाल म्हणजे बावा गोरच्या चरणी केलेली नृत्यसेवा. तिला गोमा असेही म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील अनेक भाषांत ‘न्गोमा’ या शब्दाचा अर्थ ढोल आणि ढोलाभोवतीचे नृत्य असा होतो. शेकडो वर्षे आणि अफाट सागर ओलांडून तो एक शब्द येथवर टिकून राहिला आहे.

धमालीचे दोन प्रकार आहेत. एक बैठी धमाल. तीत बसून ढोलांच्या साथीने भक्तिगीते म्हणतात. या गीतांना जिकर म्हणतात आणि त्यांतील काही शब्दांचा अर्थ गाणाऱ्यांनाही आता उमगत नाही. दुसरा प्रकार नाचाची धमाल. मुगरमान नावाचा पायांवर उभा राहणारा उंच ढोल आणि मुसिंदो नावाचा लहान ढोल हातांनी वाजवितात. माई मिश्राच्या नावाने ओळखला जाणारा, कापडात मढविलेल्या नारळाच्या करवंटीचा खुळखुळा हाती घेतात, शंखही फुंकतात. मलुंगा हे वाद्य तर पाहण्यासारखे असते. धनुष्याला एकच तार आणि तिला बांधलेला भोपळा. काडीच्या हलक्या आघाताने त्यातून खोल, घुमणारा नाद निघतो.

आरंभी ठेका संथ असतो. नाचणारे मोरपिसांचा पेहराव करतात आणि तोंडावर रंगाच्या रेघा ओढतात. हळूहळू गती वाढते. पाय जमिनीवर थडथड आपटू लागतात. कोणी मोराची चाल दाखवितो, कोणी वानराची. प्रेक्षकांतील मुले हसून लोटपोट होतात. शेवटी एकजण नारळ उंच उडवितो आणि खाली येताच तो डोक्यावर झेलून फोडतो. पाहणाऱ्याला हा निव्वळ खेळ वाटतो. करणाऱ्याला मात्र तो भक्तीच्या तन्मयतेचा कळस असतो. कराराच्या कोशापुढे दावीद राजा देहभान विसरून नाचला, तेव्हा मीखलने त्याला तुच्छ लेखले होते, ही पवित्र शास्त्रातील कथा आपणांस ठाऊक आहे. बाहेरून पाहणाऱ्याची नजर बहुधा मीखलची असते.

ही कला शिकविणारी शाळा वेगळी नाही. अंगण हीच शाळा आणि वडीलधारे हेच गुरू. मूल चालू लागले, की ढोलाजवळ येऊन बसते. आजोबांची बोटे पाहते, डबा उपडा करून त्यावर ठेका धरते आणि एक दिवस मोठ्यांच्या रिंगणात शिरते. तेथे कोणी ताल मोजून सांगत नाही, की पाठ लिहून देत नाही. ऐकणे, पाहणे आणि संगतीत राहणे एवढाच अभ्यासक्रम. आपल्या गावातील लग्नाची गाणी आपल्या माय-मावश्यांनी आपणांस अशीच शिकविली नाहीत काय?

या शतकाच्या पहिल्या दशकात रतनपोरच्या कलावंतांचे ‘सिदी गोमा’ हे पथक इंग्लंड-अमेरिकेतील रंगमंचांवर जाऊन आले. संगीताचे अभ्यासक नझीर जैराजभॉय आणि त्यांच्या पत्नी एमी कॅटलिन यांनी सिद्दींच्या गीतवाद्यांचे ध्वनिमुद्रण केले व चित्रपट काढले. मलुंगा वाजविणारे मोजकेच उरले असताना ते वाद्य तरुणांच्या हाती पुन्हा यावे, यासाठीही त्यांनी खटपट केली. ब्राझीलमध्ये या मलुंग्याचे जणू सख्खे भावंड आहे. त्याचे नाव बेरिंबाव. तेही धनुष्य, तार आणि भोपळा यांचेच बनते. त्याच्या तालावर आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी कपोएरा नावाची झुंजनृत्याची कला जोपासली. आज तिचे शिक्षक जगभर वर्ग चालवितात. एक बांधव पश्चिमेला नेला गेला, दुसरा पूर्वेला आणला गेला. दोघांनीही तेच धनुष्य वाकविले!

कॅथोलिक वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्राझीलमध्ये गुलामांनी पवित्र रोझरीच्या मातेच्या नावाने भ्रातृसंघ स्थापिले. तिच्या सणाला ढोल वाजवीत, नाचत मिरवणुका काढण्याची त्यांची प्रथा कोंगादो या नावाने आजतागायत चालू आहे. ज्या माळेने आपण घरोघरी संध्याकाळची प्रार्थना करितो, त्याच माळेच्या राणीपुढे त्या बेड्या घातलेल्या पायांनी ताल धरिला होता.

परंतु त्या बेड्या घातल्या कोणी? येथे आपणांस मान खाली घालावी लागते. गोवा, दमण व दीव येथे मोझांबिकहून आणलेले गुलाम ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्याच घरी राबत होते. गोव्यातून निसटलेल्या कित्येकांनी घाटाच्या रानाचा आसरा घेतला. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूस सिद्दींची वस्ती आहे. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथोलिक ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. आपल्याच पवित्र मिस्साबलीत सहभागी होणारे हे आपले बंधू दमामी नावाचे ढोलनृत्य करितात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

ख्रिस्तसभेने संत पेद्रो क्लावेर यांना १८८८ साली संतपद दिले. कार्ताहेना बंदरात उतरणाऱ्या आफ्रिकी गुलामांची सेवा त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे केली आणि स्वतःस गुलामांचा गुलाम म्हणविले. सुदानातून गुलाम म्हणून विकली गेलेली बालिका पुढे धर्मभगिनी झाली. २००० साली ती संत जोसेफिन बखिता म्हणून वेदीचा मान पावली. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेनेगालच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजांत चढविले जात, तेथे उभे राहून ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागणे हा आरंभ होय. वागणे बदलणे ही त्याची पूर्तता.

कारण धमालीपुढचा आजचा धोका गुलामीचा नसला, तरी तिरस्काराचा आणि तमाशाचा आहे. गीरच्या जंगलात सिंह पाहण्यास आलेल्या पाहुण्यांपुढे विश्रामगृहांत धमाल होते. तिने कलावंतांना चार पैसे मिळतात व ते त्यांना हवेही आहेत. पण तेथे जिकर आखूड होतो आणि नारळ फोडणे तेवढे उरते. भक्तीचा गाभा गळून साल शिल्लक राहावी, तसा हा प्रकार. सौराष्ट्रातील जिल्ह्यांत सिद्दींची अनुसूचित जमातींत गणना होते, पण त्या यादीत भडोच जिल्हा नाही. म्हणजे एकाच वंशाच्या दोन मुलांपैकी एकाला शिष्यवृत्तीचा आधार आणि दुसऱ्याला नाही. ज्याचे पोट भरत नाही, तो मुलाला ढोल शिकवील की कारखान्यात धाडील?

आशेला जागा मात्र आहे. गीरजवळच्या जांबूर येथील हिराबाईबेन लोबी या सिद्दी महिलेने आपल्या भगिनींना एकत्र आणून बचत, शेती व शिक्षणाची वाट दाखविली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. समाजाची मान ताठ झाली, की त्याची कलाही ताठ मानेने उभी राहते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की तुमच्यापैकी कोणी सुरतेस नोकरीधंद्यासाठी वा सोयरीकसंबंधाने गेले, तर एक दिवस काढून रतनपोरला जावे. टेकडी चढताना पादत्राणांचा व तेथील रीतीचा मान राखावा, छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी आणि धमाल दिसलीच, तर शेवटच्या नारळासाठी न थांबता पहिल्या संथ ठेक्यापासून ऐकावी. आणि आपल्या घरात काळ्या रंगाच्या मुलाला कोणी ‘हबशी’ म्हणून चिडविले, तर आई-बापांनी त्याला तेथेच थांबवावे. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान यहुद्यांनी आपल्या वीणा वाळुंजांवर टांगून ठेविल्या, असे १३७ वे स्तोत्र सांगते. नर्मदेकाठच्या या बंदिवानांनी मात्र आपले धनुष्य खाली ठेविले नाही. ते आपण आदराने ऐकावे, हेच योग्य होय.