सहावी होडी

माकणीच्या माणसाने समुद्रावर जाऊ नये असे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. परंतु भूगोलाने ते बरेचसे स्पष्ट सांगून ठेवले आहे. लोहारा तालुक्यात तेरणेच्या काठी आमचे गाव. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी पूर्वसमुद्राला. तेव्हा आमच्या गावच्या पाण्याला समुद्रदर्शनाची इच्छा झालीच, तर त्याने अरबी समुद्राकडे पाठ करून सारे दख्खन ओलांडावे अशी सृष्टीची व्यवस्था आहे. आम्ही नोकरीच्या निमित्ताने मुंबईस आलो आणि नेमके उलट दिशेने वाहत गेलो. चाळिशी उलटल्यावर शिडाची होडी चालवावयास शिकलो. ‘शिकलो’ हे क्रियापद येथे थोडे उदारपणे योजिले आहे, हे पुढे दिसेलच.

गेल्या आश्विनात आमच्या ओळखीच्या काही हौशी मंडळींनी एक बेत केला. लहान लहान सहा होड्या, प्रत्येकीत दोन माणसे. मांडव्याहून निघावयाचे, खांदेरी-उंदेरीवरून अलिबागेस मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीत शिरावयाचे. आमच्या होडीत आमच्याबरोबर आमचा पुतण्या होता. हा पुण्यास शिकतो. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती हकीकत वाचल्यापासून त्याला जमिनीवरील कोणतीही गोष्ट रुचेनाशी झाली आहे. ‘‘काका, पृथ्वी राहू द्या, निदान अलिबाग तरी!’’ असे तो म्हणाला, आणि अलिबागेला नाही म्हणणे कोणत्याही काकास कठीणच.

हवामान मात्र ठीक नव्हते. पावसाळा सरता सरता कोकणपट्टीवर जी हवा असते, तिचा स्वभाव ज्याला माहीत आहे तो तिच्यावर विसंबत नाही. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, तो मोठा सोज्वळ असतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तोही चांगला. परंतु तिसऱ्या प्रहरी सह्याद्रीवर ढग रचू लागतात आणि सायंकाळच्या सुमारास गडगडाट करीत उलट समुद्राकडे उतरतात. लहान होडीला हाच वारा भयंकर. समुद्रावरून येणारे वादळ निदान किनाऱ्याकडे लोटते. हे जमिनीवरून येते आणि माणसाला बाहेर, अफाट पाण्यात ढकलते. वेधशाळेने चार दिवस आधीपासून दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस व सोसाट्याचा वारा सांगितला होता. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला नव्हता, एवढेच काय ते समाधान.

निघण्याच्या सकाळी मांडव्याच्या धक्क्याशी सहाही होड्यांची मंडळी जमली. म्होरक्याने प्रारंभीच सांगितले, ‘‘आपण एकत्र जात असलो तरी ज्याची होडी तोच तिचा तांडेल. जावे की न जावे हे ज्याचे त्याने ठरवावे.’’ नियम अगदी रास्त होता. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे होते. प्रत्येकाने आकाशाकडे एकदा पाहिले आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे तीनदा. शेजारी निर्धास्त दिसतो, म्हणजे त्याला काही ठाऊक असले पाहिजे, असे प्रत्येकाने अनुमान बांधले. आणि आपला चेहरा पाहून शेजारीही तेच अनुमान बांधीत आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. सहा जणांची हिंमत अशी एकमेकांकडून उसनी घेतलेली होती, आणि मूळ भांडवल कोणाचेच नव्हते.

नाही म्हणावयास एक गृहस्थ निघाले. सेवानिवृत्त, वयाने आम्हां सर्वांहून वडील. त्यांनी बराच वेळ पूर्वेकडे पाहिले, आपले शीड शांतपणे गुंडाळले आणि म्हणाले, ‘‘आम्ही काही येत नाही बुवा. तुम्ही जाऊन या.’’ मग धक्क्यावर बसून त्यांनी डब्यातील थालीपीठ काढले. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस त्यांची कीव आली. म्हातारपण असे येते, असेही आम्ही पुतण्यास हळूच बोललो.

मध्यान्हापर्यंतचा प्रवास वर्णन करण्याजोगा सुखाचा झाला. पाच शिडे एकामागून एक, डावीकडे किहीमचे माड, समोर खांदेरीचा दीपस्तंभ. आम्ही पुतण्यास इतिहास सांगू लागलो. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवछत्रपतींनी या ओसाड खडकावर तट घालावयास घेतले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे आणून त्याची नाकेबंदी केली. मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत राहत. मराठ्यांच्या हलक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या वारा पडला की वल्ही मारीत, रात्री त्यांच्या बाजूने निसटून बेटावर माणसे आणि सामान पोचवीत. त्याच आश्विन-कार्तिकात समोरासमोर झुंज होऊन इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. ‘‘आणि हवामान असेच होते का?’’ पुतण्याने विचारले. ऋतू हाच होता, असे आम्ही म्हणालो. पण त्या लोकांना जावयाचे कारण होते आणि आपणांस नाही, हा भेद आम्हांस तेव्हा सुचला नाही.

तीन वाजावयाच्या सुमारास वारा पडला. पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले. शीड डोलकाठीवर ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. कनकेश्वराच्या डोंगरामागे आकाश शाईसारखे झाले होते. म्होरक्याने रेडिओवरून सांगितले की शिडे उतरवून उंदेरीच्या आडोशाला या. दोन होड्या पुढे होत्या, त्या पोचून नांगर टाकून बसल्या. आणखी दोन मागोमाग गेल्या. आमची सर्वांत मागे. शीड ताबडतोब पुरते उतरवावयास हवे होते. पण आमच्या पुढच्या होडीने अर्धेच उतरविले होते. ते पाहून आम्हीही अर्धेच उतरविले. यापेक्षा चांगले कारण आमच्यापाशी नाही.

वारा आला तो पाण्यावर पांढरी रेघ ओढीत आला. दोर सोडावा म्हणून हात घातला तो गुंता बसलेला. होडी एका कुशीवर गेली, क्षणभर थबकली आणि उलटली. आम्ही दोघेही पाण्यात.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपाने आमचा मुलूख हादरला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. थकलेली गावे गाढ झोपेत होती. आमच्याकडची जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. आणि त्या पहाटे हजारो माणसे त्याच मातीखाली गाडली गेली. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसे वाचली. पुढे कित्येक महिने आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. निम्न तेरणेच्या धरणाचे पाणी अडविल्यामुळेच हे झाले असे गावोगाव बोलले जाई. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद झाला. आम्हां मुलांना त्या वादातले काही कळत नव्हते. एक मात्र हाडांत मुरले: पायाखालचे हलले की बाहेर पळावे. आत राहिला तो गेला.

उलटलेल्या होडीला धरून लोंबकळत असता तीच शिकवण आमच्या अंगात ओरडू लागली. होडी हलत होती, गुरगुरत होती, तिच्या पोटात पाणी गडगडत होते. आणि उंदेरीचा तट, देवाशपथ, हाताच्या अंतरावर दिसत होता. पुतण्या त्या घटकेला जन्मलाही नव्हता. तरी तो माकणीचाच. ‘‘काका, पोहून जाऊ! इथं राहण्यात अर्थ नाही!’’ असे ओरडून त्याने हात सोडलाच. आम्ही त्याच्या लाइफ-जॅकेटचा पट्टा पकडला. का पकडला, हे सांगणे सोपे नाही. कारण आमचेही मन त्याच्याच बाजूने होते.

आदल्या रात्री आम्ही दोघांनी एक हकीकत वाचली होती. १९७९ च्या ऑगस्टात इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या दरम्यान फास्टनेटची नौकाशर्यत चालू असता वादळ झाले. ३०३ नौका निघाल्या होत्या. १५ स्पर्धक मेले. त्या रात्री २४ नौका त्यांच्या माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या पाच बुडाल्या; उरलेल्या १९ वादळानंतर रिकाम्या, पण तरंगताना सापडल्या. हे वाचून पुतण्या मोठा विस्मित झाला होता. आता ‘‘एकोणीस! एकोणीस!’’ एवढेच आम्ही त्याच्या कानाशी ओरडत राहिलो. त्याला ते समजले की काका भ्रमिष्ट झाला असे वाटून तो थांबला, हे आम्ही अजून विचारलेले नाही. पण तो थांबला. उंदेरीचा तट वाऱ्याच्या तोंडावर होता. पोहणाऱ्याला तो वारा तसूभरही पुढे जाऊ देता ना.

आडोशाच्या चारही होड्यांतून आम्ही दिसत होतो. त्यांतून एकही आली नाही, आणि आली नाही हे बरे झाले. त्या वाऱ्यात आली असती तर पाण्यात दोनांऐवजी चार माणसे झाली असती. सोबत म्हणून जिच्यावर भिस्त ठेवून निघालो होतो, ती त्या वेळी पाहण्यापुरती आणि रेडिओवर ओरडण्यापुरतीच उरली होती. ओरडल्याचा उपयोग मात्र झाला. वाऱ्याचा जोर ओसरून पावसाची झोड उठली. होडीच्या पोटातून उतरणाऱ्या फळीवर उभे राहून आम्ही तिसऱ्या खेपेस ती सरळ केली आणि बालदीने पाणी उपसू लागलो, तोच थळच्या कोळ्यांची एक मचवेवजा होडी येऊन पोचली. तिच्या तांडेलाने आमच्याकडे एकदा, आमच्या अर्ध्या शिडाकडे एकदा पाहिले. ‘‘सायेब, शीड ठेवावं तर सगळं, न्हाई तर उतरावं सगळं,’’ एवढे बोलून त्याने दोर फेकला.

थळला एका घरी कोरडी वस्त्रे आणि आल्याचा चहा मिळाला. मोबदला घेण्याचे त्या बाईंनी साफ नाकारले. वर पुतण्याची पाठ थोपटून ‘‘आईला सांगू नको रे बाबा,’’ असा मौलिक सल्लाही दिला. दुसऱ्या सकाळी मतलई इतका गोड सुटला की आदल्या दिवसाची शपथ घेतली तरी कोणी विश्वास ठेवला नसता. चार होड्या रेवदंड्यास गेल्या. आम्ही आमची होडी टेम्पोवर चढविली.

मांडव्याच्या त्या गृहस्थांना आम्ही फोन केला. झालेले सर्व सांगितले, त्यांच्याविषयी पुतण्याजवळ काय बोललो होतो तेही सांगितले. ते थोडे हसले. मग म्हणाले, ‘‘अहो, भीती मलाही वाटत होती. तुम्ही सगळे निघालात तेव्हा एकट्याने मागे राहण्याची.’’

संध्याकाळी माकणीहून पुतण्याच्या आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, फोन आला. ‘‘इकडं लई पाऊस झाला. सोयाबीन भिजलं. धरण भरलंय, बघ. तुमच्याकडं काय?’’

पुतण्याने आमच्याकडे पाहिले. ‘‘आमच्याकडेही पडला, आबा,’’ तो म्हणाला. ‘‘थोडासा.’’