त्यात तुझं काय?

'विंड वेकर' (२००२) मधला लिंक मी 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये (२००४) आणला, तेव्हा तो लिंक वाटेचना. मॉडेल तेच, टेक्स्चर तेच. पण त्याचं कार्टूनपण उजेडात आहे. मूळ गेममध्ये अंगावर उजेड आणि सावली असे दोनच सपाट थर पडतात. इथे उजेड हळूहळू उतरतो आणि पोरगं प्लास्टिकच्या बाहुलीसारखं दिसतं. शेवटी सावली मी टेक्स्चरवरच हाताने रंगवली. आता गेममधला सूर्य फिरला तरी ती हलत नाही, पण चेहरा लिंकचा वाटतो.

बाबा म्हणाले, "कॅरेक्टर दुसऱ्याचं, गेम दुसऱ्याचा. त्यात तुझं काय?"

आम्ही मालगुंडचे. आमच्याच गावात १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं. चौदा ओळी ठेवल्या. इंग्रजी छंद मराठीत चालणारा नव्हता, त्याच्या जागी अक्षरगणवृत्त घेतलं. त्यांच्या स्मारकात उभं राहून कुणी विचारत नाही, यात तुमचं काय?

माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण बाबांना उत्तर देता येतं: काय सोडायचं आणि काय काहीही करून टिकवायचं, ते मी ठरवलं. तेवढं माझं.